चक बेरीची शंभरी आणि माझा उजवा हात

६ जुलै, सोमवार. सकाळ.

आजपासून हात उचलणे बंद. कायमचे.

मुहूर्त मुद्दाम आजचा धरला. आज बिल हेलीचा वाढदिवस. रॉक अँड रोलच्या पहिल्या फळीतला माणूस. कपाळावर एक बट गोल वळवून सोडायचा. मीही आज तशी सोडली आहे. खोबरेल तेलामुळे खाली घसरते, पण दिसते झकास. अख्ख्या गोरेगावात, मी तर म्हणतो अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात, या मंडळींचे वाढदिवस पाठ असलेला मी एकटा. विश्वंभर साउंड सर्व्हिस म्हणजे नुसते लग्नात स्पीकर लावणारे दुकान नव्हे. सिकंदराबादेहून जुना मिक्सर आणला, त्यासोबत एक पेनड्राइव्ह फुकट आला, आणि त्यातून ही माणसं माझ्या आयुष्यात आली. हे संगीत ऐकणारा माणूस भांडूच शकत नाही. माझा स्वभाव मुळात शांत आहे. लोक डिवचतात, तिथे माझा नाइलाज होतो.

साधना माहेरी जाऊन महिना झाला. गावात काहीही बोलतात म्हणून खरं काय ते इथे लिहून ठेवतो. मी ताट भिंतीकडे फेकलं होतं. वरण अळणी होतं. ताट भिंतीवर आदळून परत आलं आणि तिच्या भुवईला लागलं. टाके पडले. आता यात माझा दोष किती आणि भिंतीचा किती, याचा कोणी विचारच करत नाही.

संध्याकाळ.

वाढदिवस पार पडला. हजर मी आणि भीमसिंग. भीमसिंग तांड्यावरचा, बँड पार्टीत ड्रम वाजवतो, माझा एकुलता एक मित्र. अंगणात स्टुलावर केक ठेवला, स्पीकर जोडायला आत गेलो, तेवढ्यात शेजाऱ्याच्या शेळीने अर्धा बिल हेली खाल्ला. मी वीट फेकली. शेळी सरकली, वीट शेजाऱ्याच्या मोटारसायकलच्या टाकीवर. शेजारी धावून आला. मी त्याला केरसुणीने समजावत होतो, तर भीमसिंगने मला मागून कवळ घालून धरलं. म्हणाला, भाऊ, सकाळी तर तुमी हात उचलणं बंद केलं म्हणून राहिले होते.

मी त्याला सांगितलं, वीट उचलली, केरसुणी उचलली. हात कुठे उचलला?

शेळीवरची हिंसा हिंसेत धरायची की नाही, हे एकदा ठरवावं लागेल.

१२ जुलै, रविवार.

शिरड शहापूरला जाऊन आलो. सासरे तातेराव हळदीच्या वावरात होते, तिथेच बांधावर बसून बोललो. जाताना हिंगोलीच्या जीपमध्ये ड्रायव्हरने मला मागे टपावरच्या पोत्यांशेजारी बस म्हटलं, तेव्हा त्याची कॉलर धरावी लागली. कॉलर धरणे म्हणजे हात उचलणे नव्हे. हात खांद्याच्या वर गेला तरच उचलला म्हणायचा. हा नियम आजपासून.

तातेराव फार कमी बोलतात. म्हणाले, जावई, तुमच्या गाण्याची आमाला काईच तकलीफ न्हाई. पोरगी डोळ्यावर फडकं दाबून एसटीतून उतरली, ते आमी बघितलं. आता एक कार्यक्रम करून दाखवा बिनाभांडणाचा. एकच. मी आन पोरगी येऊन म्होरं बसतो. बराबर झाला तर पोरगी तुमच्यासंगं येईल. न्हाई झाला तर पुन्हा ह्या बांधावर येऊ नका.

मी छाती ठोकून हो म्हणालो. एक कार्यक्रम! चेष्टा आहे का?

साधना दारापर्यंत आली. पाण्याचा तांब्या खाली ठेवला, हातात दिला नाही. म्हणाली, माझ्या शिलाई मशीनला तेल देत जा, गंजून जाईल. म्हणजे तिचं मन अजून आपल्या घरातच आहे. परतीच्या गाडीत भरून आलं.

प्लॅन पक्का. १८ ऑक्टोबर. चक बेरीची शंभरी. शंभर वर्षांपूर्वी त्या दिवशी रॉक अँड रोलचा हा गिटारवाला जन्मला, आणि आपल्याकडे तेव्हा नवरात्र चालू असणार. देवीच्या मंडपात स्टेज तयार, माईक तयार, गर्दी तयार. मी गिटार, भीमसिंग ड्रम, म्होरं साधना. तोवर मध्ये दोन-तीन वाढदिवस येतात, ते शांततेची प्रॅक्टिस म्हणून करायचे.

७ सप्टेंबर, सोमवार.

बडी हॉलीचा वाढदिवस. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, बिचारा बाविसाव्या वर्षीच विमान पडून गेला. गावाला ओळख व्हावी म्हणून स्टँडसमोरच्या खांबावर फ्लेक्स लावला. ‘वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.’ मध्ये तो, खाली शुभेच्छुक म्हणून मी गॉगल घालून, आणि कोपऱ्यात भीमसिंग फेट्यात.

सकाळी सातपासून लोक जमले. नवे ग्रामसेवक आले का, असं दोघांनी विचारलं. एकाने विचारलं, कोणत्या समाजाचे? मी म्हणालो, कलाकाराला समाज नसतो. तो म्हणाला, असं कसं, कोणतातरी असंलच की. एक म्हातारा हात जोडून फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि घरकुलाच्या यादीत नाव घाला म्हणाला. मी सगळ्यांशी गोड बोललो.

घोटाळा पुढे झाला. त्याच खांबावर आधीपासून पुनमचंदचा फ्लेक्स होता. पुनमचंद म्हणजे युवा नेते. म्हणजे तो स्वतःला म्हणतो. मित्रमंडळ आहे, केक तलवारीने कापतो, आणि त्याची साउंड सर्व्हिस माझ्याहून चार स्पीकरने मोठी आहे. त्याचाही वाढदिवस याच आठवड्यात. माझा बडी हॉली नेमका त्याच्या नाकापासून खाली आला. वर पुनमचंदचे डोळे, खाली बडी हॉलीचा चष्मा. लोक हसले. ते काही मी हसवले नाहीत.

पुनमचंद आपली पोरं घेऊन आला आणि त्यांनी बडी हॉलीला उभा फाडला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. स्वतःच. सगळ्या चौकाने बघितलं. आणि पुनमचंदच्या नाकावर डोकं मारलं. हात वापरलेला नाही. त्याच्या नाकातून रक्त आलं, ते त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडलं, मग पोरांनी मला खाली पाडून तुडवलं. एक दात गेला. खालचा, दिसत नाही.

भीमसिंग म्हणाला, भाऊ, तुमचं असंच चालू राहिलं तर वहिनी येऊन राहिल्या का? मी त्याला शांतपणे समजावलं की हातांवर माझा पूर्ण ताबा आला आहे. डोक्यावर यायला थोडा वेळ लागेल.

२९ सप्टेंबर, मंगळवार.

जेरी ली लुईस. पियानो पायाने वाजवायचा. टाच घालायचा पट्ट्यांवर! स्टूल लाथेने उडवायचा! आणि लोक त्याच्यावर जीव ओवाळून टाकायचे. मला एकदम उजेड पडला. राग दाबायचा नसतो, तो कलेत सोडायचा असतो.

भीमसिंगने आधीच सांगितलं होतं की पितृपंधरवड्यात वाढदिवस नसतो, आणि मेलेल्या माणसाचा तर बाराही महिने नसतो. त्याची जयंती असते, तिला हार असतो, केक नसतो. मी म्हणालो, रॉक अँड रोलवाला मरत नाही. तो म्हणाला, मंग पत्र्यावर घास कशाला ठेवला त्याच्यासाठी? मी घराच्या पत्र्यावर कावळ्यासाठी केकचा तुकडा ठेवला होता. दोन्हीकडून बरं, म्हणून.

पियानो अख्ख्या तालुक्यात नाही. मारुतीच्या पारावर भजनी मंडळाची पेटी असते, ती अर्धा तास मागितली. मंडळी भली. म्हणाले, वाजवा की, आमी बी ऐकतो. टाळ मांडीवर घेऊन बसून राहिले.

पहिलं मिनिट उत्तम गेलं. एकाने मानही डोलावली. मग मी उठलो आणि जेरी ली लुईसचं नाव घेऊन पेटीवर टाच ठेवली.

मांडीवरचे टाळ एकदम सगळ्यांच्या हातात आले. ज्या पेटीला ही माणसं वाजवण्याआधी रोज हात लावून नमस्कार करतात, तिच्यावर पाय. हे मला पाय ठेवल्यावर आठवलं. आधी आठवलं असतं तरी तालात होतो, थांबता आलं नसतं.

टाळ पितळेचे असतात. ते दोन बाजूंनी एकाच वेळी कानावर बसले की आतमध्ये बराच वेळ काकडआरती चालू राहते. पखवाजवाल्याने पखवाज खाली ठेवला नाही, पखवाजासकट आला. मी जमिनीवरून एक-दोघांना लाथा मारल्या, त्या स्वसंरक्षणात धरल्या जातात. सत्तरीचे विणेकरी एका हाताने वीणा सांभाळून दुसऱ्या हाताने चप्पल मारत होते आणि प्रत्येक चपलेला माफ कर रे देवा म्हणत होते. मला की स्वतःला, ते कळलं नाही.

पेटीचे दोन स्वर बसले. माझी एक बरगडी.

३ ऑक्टोबर, शनिवार.

एडी कॉक्रनचा वाढदिवस. कार्यक्रम रद्द. कूस बदलता येत नाही. गरम विटेने शेकलं. मशीनला तेल द्यायचं राहून जातं.

दुपारी पोलीस पाटील येऊन चिठ्ठी देऊन गेला. नवरात्रानिमित्त शांतता समितीची बैठक आहे, तिला मला बोलावलं आहे. गावातल्या निवडक लोकांनाच बोलावतात. काम हळूहळू लोकांच्या नजरेत येत आहे.

९ ऑक्टोबर, शुक्रवार.

शांतता समिती. मला सदस्य म्हणून नाही, विषय म्हणून बोलावलं होतं. दुसरा विषय पुनमचंद. नाकावर पट्टी लावून बसला होता.

फौजदार साहेब तरुण आहेत, समजूतदार आहेत. त्यांनी विचारलं, हे चक बेरी कोण? मी उभं राहून सविस्तर माहिती दिली. जन्म, गिटार, बदकासारखी चाल. साहेब म्हणाले, मिरवणूक नाही ना? मी म्हणालो, नाही. पुतळा नाही ना? नाही. मग ठीक आहे, आरतीच्या आधी अर्धा तास घ्या, पण आत्ता इथे सगळ्यांसमोर पुनमचंदची गळाभेट घ्या.

घेतली. पुनमचंदने गळाभेटीत नेमकी ती बरगडी दाबली. त्याला कुठून कळलं कोण जाणे, सगळं गाव जाणतं म्हणा. डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याचा कान समोरच होता. मी चावला.

हात नाही, डोकं नाही, पाय नाही. दात. आणि तेही एक कमी असलेले.

चौघांनी जबडा सोडवला. दोघांनाही बाहेर उन्हात उभं केलं. पुनमचंद एका कानावर रुमाल धरून म्हणाला, विश्वंभर, तू काहून असा आहेस रे? मी मारामारी करतो तर इलेक्शनसाठी करतो. तुझं काय आहे? त्याच्या बोलण्यात कधीच अर्थ नसतो.

परवानगी मात्र कायम राहिली. तातेरावांना फोन केला. येतो म्हणाले, साधनालाही आणतो. मी सगळं शांततेत चालू असल्याचं सांगितलं. शांतता समितीत होतो हेही सांगितलं.

१८ ऑक्टोबर, रविवार. पहाट.

आजचा दिवस. आंघोळ केली, देवीला आणि चक बेरीला दोघांना उदबत्ती लावली. मशीनला तेल दिलं, ती आल्या आल्या बघेल. मनात राग म्हणून कुठे शिल्लक नाही. शोधला.

१९ ऑक्टोबर, सोमवार. डाव्या हाताने.

अक्षर वाकडं येत आहे. तरी लिहिणं भाग आहे, कारण आज गावात जे सांगून राहिले ते खोटं आहे. कार्यक्रम यशस्वी झाला. फक्त शेवट राहिला.

मंडप भरलेला. पुढच्या रांगेत तातेराव आणि साधना. तिने हिरवी साडी नेसली होती. भुवईवरची टाक्यांची खूण ट्यूबलाइटमध्ये चकाकत होती. मी नजर दुसरीकडे नेली. गिटार घेतली. भीमसिंगने ठोका धरला. मी एका पायावर वाकून, दुसरा पाय पुढे फेकत, वाजवत वाजवत चक बेरीची ती बदकाची चाल सुरू केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बरगडी ठणकत होती, त्यामुळे तोंडातून आवाजही निघत होते.

बायकांत कुजबुज झाली आणि सखुबाई नावाची म्हातारी हळदीकुंकवाचं ताट घेऊन थेट स्टेजवर आली. तिला वाटलं, माझ्या अंगात आलं. माझ्या कपाळाला मळवट भरला, गिटारला कुंकू लावलं, पायावर पाणी घातलं, आणि माईकसमोरच विचारलं, माय, माझी म्हैस सापडंल का? मागून पोरं खिदळली. पूर्वीचा विश्वंभर असता तर ताट उडवलं असतं. मी चाल न थांबवता म्हणालो, सापडेल. सगळ्या मंडपाने हात जोडले. तातेरावांनीही जोडले! साधना तोंडाला पदर लावून हसत होती. किती दिवसांनी बघितलं तिला हसताना. मला त्या क्षणी वाटलं, झालं. जिंकलो. आता जन्मभर हिला असंच हसवायचं.

आणि पुनमचंद स्टेजवर चढला.

एक हात पाठीमागे. माणूस एक हात पाठीमागे घेऊन येतो तेव्हा त्या हातात काय असतं, हे तलवारीने केक कापणाऱ्याच्या बाबतीत सांगायला नको. मी विचार केला. अगदी शांतपणे केला. मग उजवी मूठ वळली आणि सगळी ताकद लावून मारली.

तो नेमका त्याच वेळी खाली वाकला. मी स्टेजच्या कडेला ठेवलेल्या चक बेरीच्या फोटोला हार घालायला. पाठीमागच्या हातात हार होता. झेंडूचा. फौजदार साहेबांनी पाठवला होता म्हणे.

मूठ मंडपाच्या लोखंडी खांबावर बसली. हाड मोडल्याचा आवाज माईकमधून, माझ्याच स्पीकरवर, सगळ्या गोरेगावाने ऐकला. साउंड क्वालिटी चांगली होती. ट्यूबलाइट निखळून पडली, काचा फुटल्या, बायका लेकरं उचलून पळाल्या.

पण मुद्दा असा की कोणाला लागलं? खांबाला. खांब माणूस नाही. म्हणजे अटीचा भंग नाही.

तातेरावांनी जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. साधनाने डॉक्टरांना विचारलं, हे किती दिवस राहील? ते म्हणाले, दीड महिना. तिने पुन्हा विचारलं, तवर हात उचलताच येणार न्हाई का? डॉक्टर म्हणाले, जागचा हलणार नाही. ती बरं म्हणाली.

किती काळजी!

२२ ऑक्टोबर, गुरुवार.

साधना आली!! बॅग घेऊन. मी म्हणालोच होतो.

दारातच म्हणाली, माझी मशीन हितं हाय आन दिवाळीचे बलाउज शिवायला बायका मागं लागल्यात. पिलास्टर हाय तवर राहते. बायकांना सरळ सांगता येत नाही, त्या असं काहीतरी निमित्त काढतात.

संध्याकाळी तिने माझ्या शर्टाची उजवी बाही उसवून बटणं लावून दिली, प्लास्टर जावं म्हणून. बरं वाटलं.

१० नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा.

इतके सुखाचे दिवस आठवत नाहीत. मशीन दिवसभर चालू असते. बायका येतात, मापं देतात, हसतात. साधना दुपारी आडवी होते तर चक्क घोरते. पूर्वी कधी घोरत नव्हती. एवढंच काय, परवा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी मोठ्याने ओरडलो, तर तिने मशीनवरून मानही वर केली नाही. पूर्वी मी आवाज चढवला की तिच्या हातातली भांडी वाजायची. आता वाजत नाहीत. संसारात विश्वास वाढला की असं होतं.

आज मला ओवाळलं. ओवाळताना निरांजन प्लास्टरभोवती दोनदा जास्त फिरवलं.

मी पूर्ण बदललो आहे, यात शंका नाही. या महिन्यात एकदाही कोणाला मारलेलं नाही. पुनमचंद रस्त्यात भेटला, हाताची चौकशी केली, मी फक्त शिवी दिली.

३० नोव्हेंबर, सोमवार.

डॉक्टरांनी शनिवारी बोलावलं आहे, प्लास्टर काढायला. साधनाने शनिवारचीच जीप सांगितली आहे, मशीन शिरड शहापूरला न्यायला.

मला वाटलं, चेष्टा. मग बघितलं तर तिने मशीनचं टेबल सुतळीने बांधायलाही घेतलं होतं. मी विचारलं, काहून? आता तर मी बदललो. ती म्हणाली, मी पयल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि सुतळीची गाठ दाताने घट्ट केली.

रडू आलं. गोठ्यात जाऊन रडलो. डोळे एका हाताने पुसता येतात.

प्लास्टर राहिलं पाहिजे. भीमसिंगला विचारलं, काय करू? तो म्हणाला, भाऊ, दुसरा खांब बघा. डाव्या हाताने भिंतीवर हळूच मारून बघितलं. फार दुखतं. हिंसा माझ्या स्वभावात नाही हे पुन्हा सिद्ध झालं.

डॉक्टरांना प्रेमाने विनंती करायची. शिकलेला माणूस आहे, समजून घेईल.

५ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळ.

आज लिटल रिचर्डचा वाढदिवस.

सकाळी सगळे एकाच जीपने हिंगोलीला. मागे मशीन, पुढे साधना, मी आणि भीमसिंग. साधना जीपमध्येच थांबली, दवाखान्यात आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे बघितला, हाड झकास जुळलं म्हणाले. मी हात जोडता येईना म्हणून डावा छातीवर ठेवून म्हणालो, साहेब, राहू द्या अजून दोन-चार महिने. ते हसले. मी म्हणालो, साहेब, माझ्या संसाराचा प्रश्न आहे. ते आणखी हसले आणि कंपाउंडरला खूण केली. कंपाउंडरने प्लास्टर कापायचं मशीन चालू केलं, माझं कोपर धरलं आणि कापायला लागला. प्लास्टर फाटत चाललं. मी नको म्हणालो. तो म्हणाला, बसा हो काका, घाबरून काय राहिले?

मला काका म्हणाला.

हात वर गेला. खांद्याच्या वर, डोक्याच्याही वर. कुठल्याच नियमात बसत नाही. प्लास्टरसकट त्याच्या तोंडावर बसला. त्याचा ओठ फाटला, दोन दात बाहेर आले, तो मागच्या कपाटावर पडला आणि काचेच्या बाटल्या त्याच्यावर. पांढऱ्या फरशीवर खूप रक्त दिसतं. मी दुसऱ्यांदा उचलला. तो खाली पडलेला असताना उचलला.

तेव्हा दारात साधना उभी दिसली.

ती जीपमधून उतरून आत आली होती. भीमसिंगने नंतर ड्रायव्हरकडून फोनवर कळलेलं सांगितलं. ड्रायव्हरला ती म्हणाली होती, जरा थांबा दादा, बिगरपिलास्टरचा माणूस कसा हाय ते बघून येते, मंग ठरवते मशीन उतरवायची का न्हाई.

तिचा हात आपोआप भुवईवर गेला होता. म्हणाली, लगीन झाल्यापासून ह्या दीड महिन्यात मी पयल्यांदा निवांत झोपले. मला वाटलं, माणूस बदलला. पिलास्टरच होतं ते.

मग कंपाउंडरच्या ओठावर आपल्या पदराचं टोक धरून त्याला उठवून बसवलं, आणि गेली. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी पळत जाणार होतो, पण तोवर दवाखान्यातल्या चौघांनी मला धरलं, बडवलं आणि उचलून रस्त्यावर टाकलं. मी प्रतिकार केला नाही. हे सांगण्यासारखं नाही, तरी लिहितो.

अर्धं कापलेलं प्लास्टर हाताला लोंबत होतं. आता हिंगोलीत कोणता डॉक्टर हात लावणार? घरी आल्यावर भीमसिंगने पत्रा कापायच्या कात्रीने उरलेलं काढलं. आतून निघालेला हात माझा वाटत नव्हता. पांढरा, वाळलेला, कातडीचे पोपडे सुटलेले. मूठ करून बघितली. बोटं निम्म्यावर येऊन थांबतात. कितीही जोर लावला तरी पुढे जात नाहीत.

मला एकदम आनंद झाला. शिरड शहापूरला फोन लावला. साधना आली नाही फोनवर. तातेरावांनी घेतला. मी घाईघाईने सांगितलं, मामा, मूठच वळत नाही आता, तिला सांगा, खरंच वळत नाही, काही भीती राहिली नाही.

ते म्हणाले, वळंल. गरम पाण्यात धरत जा, तेल लावत जा, दोन महिन्यांत बराबर वळंल. म्हणूनच तर पाठवत न्हाई.

मी व्हय म्हणालो आणि फोन ठेवला.